सकाळी न उठणारं मशीन

बसमध्ये त्या माणसाने उठून तिला जागा दिली, ती बाळाकडे बघून.

बाळ चादरीत गुंडाळलेलं होतं. थंडीचे दिवस, म्हणून तोंडावरूनही चादर ओढलेली. तिने ते छातीशी घट्ट धरलं होतं आणि बसने ब्रेक मारला की "अगं आई गं" म्हणत ती त्याला आणखी आवळायची. जागा मिळाल्यावर तिने बाळ मांडीवर घेतलं. माणूस वरच्या दांडीला लोंबकळत काही वेळ कौतुकाने बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू ओसरलं.

"बाळाला..." तो म्हणाला, "कोपरे आहेत."

"सीपीयू आहे," ती म्हणाली. "दुरुस्तीला चाललाय."

"अस्सं. केवढा आहे?"

"तेरा वर्षांचा."

"तेरा? मग कडेवर काय घेताय? चालवा की."

ती हसली. चारचौघांत, भर बसमध्ये, तोंडावर हात न घेता. हसून झाल्यावर तिला जरा घाबरायलाच झालं, कारण आपण याआधी कधी हसलो होतो ते काही केल्या आठवेना.

दोघं एकाच थांब्यावर उतरले. तो पुढे, ती मागे. तो डावीकडे वळला, तीही वळली. तो गल्लीत शिरला, तीही शिरली. शेवटी तो थांबला.

"बाई, तुम्ही माझा पाठलाग करताय का?"

"मी कशाला करू? मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चाललेय."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि शेजारचंच शटर वर ढकललं. "मग पोचलात. या."

दुकान एवढं अरुंद होतं की गिऱ्हाइकाने श्वास घेतला की मालकाने सोडायचा. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. गल्लीत या दुकानदाराला सगळे 'राहू द्या' म्हणत. गिऱ्हाईक काहीही घेऊन आलं की हा ते उलटंपालटं करून बघायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, "राहू द्या, यात पैसे घालू नका." एवढ्या प्रामाणिकपणावर दुकान चालत नसतं. याचंही चालत नव्हतं, नुसतं उघडत होतं.

त्याने सीपीयूची चादर काढून नीट घडी केली, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

"बघा!" ती ओरडली. "इथे कसा शहाण्यासारखा उठला! घरी सकाळी उठतच नाही हो. दहा-दहा वेळा बटण दाबावं लागतं. कधी अर्ध्यात बंद पडतो."

"घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणि?"

तिने सीपीयूकडे बोट दाखवलं.

त्याने मान खाली घातली आणि स्क्रू काढायला घेतले. झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, टॉर्च मारली. मग बराच वेळ आत बघत राहिला... इतका वेळ की तिलाच संकोच वाटायला लागला, आपल्या घरातलं काहीतरी खाजगी कुणी बघतंय असं.

"काय आहे?" तिने विचारलं.

तो सुस्कारा सोडेल असं वाटलं. सोडला नाही.

"असं आहे," तो टॉर्च विझवत म्हणाला, "बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही असा माझा नियम आहे. हा इथे बिघाड दाखवत नाही. तेव्हा मलाच घरी यावं लागेल. सकाळी कितीला उठवता याला?"

"साडेसातला."

"परवा येतो. तोवर नोंद ठेवा. काय बिघडतं, कधी बिघडतं, सगळं लिहून काढा."

नोंदी ठेवायला तिला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. ती पुस्तकांच्या सूच्या करायची. जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात कुठला शब्द कुठल्या पानावर हे सांगणारी पानं असतात, ती कुणीतरी बसून करतं. ते कुणीतरी म्हणजे ती. प्रकाशकाच्या कार्यालयात तिचं नाव सूचीबाई. सध्या तिच्याकडे मिठाचा इतिहास होता. नऊशे बारा पानं, आणि कुठल्याही पानाला चव नाही. अकरा महिन्यांचं काम त्या तेरा वर्षांच्या मशीनमध्ये होतं, दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं.

"ताई, टाकून दे तो डबा," धाकटी बहीण फोनवर म्हणाली. ती लग्न होऊन लांब गेली होती आणि लांबून सगळं स्वच्छ दिसतं. "नवीन घे."

"माझा प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही."

"मग नवा प्रोग्रॅम घे."

"त्यात सूची उघडत नाही."

"ताई, तू मशीन दुरुस्त करत नाहीयेस. कारणं दुरुस्त करतेयस."

धाकटीचं म्हणणं नेहमी बरोबर असे. म्हणून तर तिला फोन कमी केला जाई.

खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आई गेल्यापासून त्या दोन खोल्यांत आवाज करणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्या मशीनचा पंखा. तो घरघरायचा, मधेच खाकरायचा, दुपारी थोडा मंद व्हायचा. तिसऱ्या मजल्यावर बिनकामाचं कुणी येत नसे. गॅसवाला, मीटर बघणारा, पार्सलवाला. तिघंही दाराबाहेरूनच बोलत आणि सही घेऊन जात. तिघांनाही तिची सही ओळखीची होती. चेहरा असेलच असं नाही.

परवाच्या सकाळी साडेसातला दार वाजलं. दारात तो उभा. मफलर, हातात हत्यारांची पिशवी, तीन जिने चढून लाल झालेले कान.

"उठलाय का आमचा पेशंट?"

आता इथे तिने एक गोष्ट केली होती. कामवाली यायच्या आधी घर आवरून ठेवणाऱ्या बायका असतात, त्यातली ती. परका माणूस येणार आणि मशीन दहा वेळा बटण दाबून उठणार, हे काही बरं दिसत नाही. म्हणून आदल्या दिवसापासून तिने ते बंदच केलं नव्हतं. सव्वासातला केलं, आणि आता त्याच्यासमोर बटण दाबलं. कोमट मशीन ताबडतोब सुरू झालं.

"चालू झालं," तो म्हणाला.

"हो ना..."

दोघांनी एकदमच श्वास सोडला. कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या. दोघं शेजारी शेजारी, पडद्याकडे तोंड करून बसले आणि बिघाडाची वाट बघू लागले. बाहेर धुकं होतं, खिडकीच्या काचेवर पाणी साचलं होतं. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला, तशी त्याच्या नखांखालची धूळ तिला दिसली. तिचीच धूळ होती ती, तिच्या सीपीयूतली. उगाचच तिला बरं वाटलं. तासाभराने तो उठला. "आज नाही बिघडत वाटतं. परवा बघू."

परवा बघितलं. त्याच्या पुढच्या परवाही बघितलं. त्याच्या येण्याच्या दिवशी मशीन शहाण्यासारखं वागायचं. अधल्यामधल्या दिवशी ती ते रोजच्यासारखं बंद करायची, आणि सकाळी ते उठता उठत नसे. त्याची ती इमानेइतबारे नोंद करत होती.

"'मीठ, जखमेवरचे'," एके दिवशी तो पडद्यावरचं वाचत म्हणाला. "हे खरंच पुस्तकात आहे?"

"आहे. पान चारशे सात."

"आणि हे 'पाहा' काय आहे? 'समुद्र: पाहा मिठागरे'?"

"म्हणजे इथे शोधू नका, तिकडे जा."

"बरं आहे की. आमच्या धंद्यात पण असं पाहिजे. 'दुरुस्ती: पाहा नवीन दुकान'."

ती हसली. हल्ली ती दिवसाआड हसत होती.

"मला सांगा," तो कपात बघत म्हणाला, "माझी नोंद करायची झाली तर कुठल्या अक्षराखाली कराल?"

"तुमची होणार नाही."

"का हो?"

"एकदाच कुठेतरी आलेल्याची नोंद मी घेत नाही. माणूस निदान चार-पाच पानांवर तरी यावा लागतो."

"मी पाचव्यांदा आलोय..."

चहा बशीत सांडला. कुणाच्या हातून, यावर दोघांचं पुढे कधीच एकमत झालं नाही.

त्या दिवशी जाताना तिने बिघाडांच्या नोंदींचे तीन कागद त्याच्या हातात दिले. त्याने ते न बघताच, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. असे कागद पँटच्या खिशातही मावतात.

मग गुरुवार आला. बुधवारी ती मशीन चालू ठेवूनच झोपली होती, पण मध्येच केव्हातरी वीज गेली. पहाटे जाग आली ती शांततेने. पंखा बंद. मशीन हाताला बर्फासारखं लागत होतं. साडेसातला तो आला, बसला, आणि तिने बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं. दिवा लागला, विझला. सातव्या खेपेला आत काहीतरी जागं झालं आणि बोलायला लागलं. टक्... टक्... टक्.

"दिसला!" ती जवळजवळ आनंदाने म्हणाली. "दिसला ना बिघाड?"

त्याने उडी मारून प्लग ओढला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"न उठणं राहू द्या. हा टकटक आवाज कधीपासून येतोय?"

"येतो अधूनमधून. लिहिलाय की मी."

"हार्ड डिस्क मरतेय ती! तुमचं पुस्तक जिथे आहे ती डिस्क! दुसरीकडे नक्कल ठेवलीय का?"

तिने मान हलवली. आडवी.

त्याने आतल्या खिशातले कागद काढले, टेबलावर पसरले आणि वाचता वाचता तो ताठ होत गेला. अचानक बंद: ४, ८, १२. आवाज, खाकरल्यासारखा: ६. आवाज, टकटक: पाहा टकटक. उठण्यास नकार: ४, ६, ८, १०, १२. टकटक: ६, ८ (दोनदा), १० (पाचदा), १२ (नऊदा).

"हे काय आहे?"

"नोंदी. तुम्हीच म्हणालात."

"अहो, बिघाड अकारविल्हे लिहितात?"

"मग कसे लिहितात?"

"तारखेने! आज काय झालं, उद्या काय झालं!" त्याने पेन काढलं आणि कागदाच्या मागे भराभर तारखा मांडल्या. टकटक आधी एकदा, मग दोनदा, मग दर नोंदीला वाढत गेलेली, शाळकरी पोरालाही समजेल अशी. लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं.

"पाच, सात, नऊ, अकरा," तो सावकाश म्हणाला. "मी ज्या दिवशी यायचो त्या दिवशी काहीच नाही. एकही नोंद नाही." त्याने वर बघितलं. "तुम्ही आदल्या रात्री बंदच करत नव्हता."

मिठाच्या इतिहासात या प्रसंगाला लावण्याजोगा एकही शब्द नव्हता.

"पहिल्यांदा... पाहुणे येणार म्हणून," ती म्हणाली. "नंतर..."

"मी पाहुणा नाही हो! मी मेकॅनिक आहे!"

"हो. विसरलेच होते."

त्याने डिस्क काढली, रुमालात गुंडाळली, छातीशी धरली आणि निघाला. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली तरी तो तिने टाकला नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. प्रकाशकाकडून फोन आला, "सूचीबाई, सोमवार लक्षात आहे ना?" आहे म्हणाली. काम करायला मशीन नव्हतं, म्हणून ती नुसती टेबलापुढे बसून राहिली. घर इतकं शांत होतं की वरच्या मजल्यावरचा नळ ऐकू यायचा. सवयीने ती मनातल्या मनात नोंदी लावायला लागली. आई: पाहा रिकामी खाट. धाकटी: पाहा फोन. चहा, एकटीने: या नोंदीपुढे पानांचे इतके आकडे यायला लागले की तिने ती मधेच सोडून दिली. अकरा महिन्यांच्या कामाची काळजी होतीच. पण काळजी करता करता कान मात्र जिन्याकडे लागलेले होते, आणि हे तिचं तिलाच लाजिरवाणं वाटत होतं.

शनिवारी दुपारी पावलं वाजली. तो दाढी न करता आला होता. हातात पुस्तकाएवढं छोटं मशीन.

"आलं परत," तो दारातूनच म्हणाला. "दोन दिवस चमच्या-चमच्याने काढत होतो. सगळं आलं. फक्त 'स'पासून पुढचं गेलं."

"स, ह, ळ, क्ष, ज्ञ," तिने बोटं मोडली. "रात्रभर बसले की होईल." आणि मग तिला रडू आलं, ते तिने खोकल्यासारखं करून दाखवलं.

त्याने ते खोकल्यासारखंच ऐकलं. मशीन जोडलं, सुरू केलं. तिचा जुना प्रोग्रॅम पडद्यावर आला, तोच निळा, तोच कुरूप.

"हा नव्यावर चालत नाही म्हणतात सगळे!"

"नव्या मशीनला सांगितलं, तू जुनं आहेस असं समज. समजलं बिचारं. माणसं इतकी ऐकत नाहीत."

मग त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. जुन्या मशीनचा निकाल. 'दुरुस्त करण्यात अर्थ नाही.' खाली सही.

"हे..." तो चिठ्ठीकडे बघून बोलत होता, "हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. कंडेन्सर फुगलेले होते, टॉर्च मारल्या मारल्या दिसले. ते गार झाले की मशीन उठत नाही, दुकानात चादरीच्या उबेत आलं म्हणून उठलं, साधी गोष्ट आहे. राहू द्या म्हणायचं, डिस्कची नक्कल करून द्यायची, अर्ध्या तासाचं काम. वीस वर्षं मी लोकांना राहू द्या म्हणतोय. त्या दिवशी तोंडातून निघेना."

"का?"

"म्हटलं असतं तर तुम्ही गेला असतात."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"आणि त्यापायी तुमचं अकरा महिन्यांचं काम बुडत होतं," तो म्हणाला. "मेकॅनिकने असं करायचं नसतं. तेव्हा आता... मशीन चांगलं आहे. चार-पाच वर्षं बघावं लागणार नाही. येतो मी."

तो बूट घालायला वाकला. चार-पाच वर्षं! माणसाला घरी बोलवायचं तर काहीतरी बिघडलेलं असावं लागतं, एवढंच तिला माहीत होतं. डोकं भराभर कामाला लागलं. प्रिंटर अडकतो म्हणावं. बेल नीट वाजत नाही म्हणावं. खिडकीची कडी... तो एका बुटाची नाडी बांधून दुसऱ्याकडे वळला होता. तीन कारणं तयार होती, तिन्ही चांगली, आणि तिन्ही एक ना एक दिवस दुरुस्त होणारी.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला. "काही अडतंय का?"

"नाही."

"मग काय बिघडलंय?"

"काही नाही. सगळं व्यवस्थित चालू आहे." शब्द सरळ निघाले. "काही काम नाही. तरी या."

नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. उठला तेव्हा कान लाल होते, आणि आता तर तो जिने चढून आलेला नव्हता.

"साडेसातला?"

"उद्या रविवार आहे हो. आठला या."

रविवारी आठला तो आला. दाढी केलेली, हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने ते आधी खिशात घातले, मग बाहेर काढले, मग तिने चहाचा कप दिला तेव्हा त्यांची सोय लागली. सवयीने दोघं आपापल्या खुर्चीत बसले, शेजारी शेजारी, टेबलाकडे तोंड करून. पडदा काळा होता. आज कुणी बटण दाबलं नाही. वाट बघायला बिघाड नव्हता, वाचायला मीठ नव्हतं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"आता..." त्याने घसा साफ केला. एखाद्या वायरीबद्दल विचारावं तसं, अगदी मनापासून विचारलं, "आता कुठे बघायचं?"

ती उठली आणि तिने आपली खुर्ची फिरवली. फरशीवर असा कर्कश आवाज झाला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर काठी आपटली.

"इकडे," ती म्हणाली.